पाहुण्यांकडे पाठ

मी बाळंतपणाच्या वॉर्डातली सिस्टर आहे. छाती, फुप्फुसं, ऑक्सिजन हा तुझा प्रांत नाही, हे मला त्या तीन दिवसांत निदान पाच जणांनी ऐकवलं. त्यातल्या दोघी तर माझ्याच हाताखाली शिकून गेलेल्या. मी ऐकून घेतलं असं म्हणणार नाही. एक तर मी रनाळ्याची, त्यात घरातली थोरली. ऐकून घ्यायची सवय मला कुणी लावलीच नाही. पण त्या तीन दिवसांत मी जे केलं त्याचा मला अभिमान आहे, आणि माझ्या वडिलांनी जे केलं त्याचा त्याहून जास्त आहे. तो मी लपवत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. वय सत्तरीच्या पुढे, हाडं काटक, आणि पिकाला पाणी भरण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या शिवारात कुणी नाही. विहिरीला पाणी कमी असलं तरी आप्पांचा गहू कडेपर्यंत सारखा उभा असतो. गेल्या हिवाळ्यात मिरचीची तोडणी चालू असताना त्यांना ताप भरला. तोडणी थांबेल म्हणून चार दिवस त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी ओट्यावरून उठताना घेरी आली तेव्हा भावाने गाडीत घातलं आणि नंदुरबारला माझ्याकडे आणलं. रात्री पाण्यात उभं राहून हे झालं, असं आई अजून म्हणते. न्यूमोनिया भिजल्याने होत नाही, जंतूंनी होतो, हे मी तिला दहादा सांगितलं असेल. ती मान हलवते आणि पुन्हा तेच सांगते.

मी जिथे नोकरी करते त्याच दवाखान्यात त्यांना दाखल केलं. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाचा खालचा अर्धा भाग पांढरा धोप आला होता. डावं मात्र स्वच्छ. छातीचे डॉक्टर तरुण, कमी बोलणारे. त्यांनी लगेच इंजेक्शनं सुरू केली, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला. बोटाला चिमटा लावला की रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा दिसतो. तो आम्हाला नव्वदीच्या वर हवा होता. पहिल्या सकाळी त्र्याण्णव आला आणि मी भावाला म्हटलं, जा, चहा पिऊन ये. दुपारी तो पंच्याऐंशीवर होता.

डॉक्टरांनी ऑक्सिजन वाढवला. सहा लिटरचे दहा केले. आकडा हलला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच: सकाळी राउंडला आले की चांगला, दुपारी आणि संध्याकाळी खाली. ऑक्सिजन वाढवून उपयोग होत नाही, याचीच डॉक्टरांना जास्त काळजी वाटत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बाजूला बोलावलं. म्हणाले, "सिस्टर, आज संध्याकाळी पुन्हा खाली गेला तर मी थांबणार नाही. सुरतला हलवू. इथलं व्हेंटिलेटर दुसऱ्या पेशंटला लावलंय." त्यांनी अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याला सांगूनही ठेवलं होतं, सहा वाजता तयार राहा म्हणून.

सुरत म्हणजे आमच्यापासून साडेतीन-चार तास. दम लागलेल्या म्हाताऱ्या माणसाला त्या रस्त्याने नेणं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. आणि तिथे घशात नळी घातली की किती जण पुन्हा आपल्या पायांनी घरी येतात, तेही माहीत होतं. आईला मी यातलं काही बोलले नाही. मी तिच्यावर उगाच चिडले, डबा वेळेवर का आणला नाही म्हणून. तिने डबा वेळेवरच आणला होता.

आता माझ्या वॉर्डाची एक सवय सांगते. कळा सुरू झालेल्या बाईच्या उशाशी आमचा एक कागद असतो. दर अर्ध्या तासाला त्यावर बाळाचे ठोके, कळा, नाडी, सगळं टिपायचं. वर्षानुवर्षं ते करून माझा हात कागदाशिवाय राहत नाही. आप्पांच्या पलंगाशी बसल्यावरही मी आपसूक तसाच कागद केला होता: वेळ, आकडा, आणि शेजारी काय चाललंय ते. औषध दिलं, पेज प्यायले, खोकला आला, अमकी मंडळी आली. छातीच्या वॉर्डातल्या पोरी हसल्या. म्हणाल्या, ताई, इथे कुणी बाळंत होणार नाहीये. मी म्हटलं, तुम्ही तुमचं काम करा.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर बोलून गेल्यावर मी तो कागद पुढ्यात घेऊन बसले. आकडा जिथे जिथे पडला होता, तिथे शेजारी माणसं लिहिलेली होती. रनाळ्याचे शेजारी. कोरीटहून मामा. पुन्हा रनाळ्याची गाडी, नऊ जण. आमच्याकडे कुणी दवाखान्यात पडलं की त्याला पाहायला जायचंच असतं. पिकअप भरून माणसं येतात, बिस्किटांचे पुडे घेऊन येतात, तेच तेच विचारतात आणि आपल्या ओळखीत याहून वाईट कोण होतं ते सांगतात. कुणी गेलं नाही तर ते वर्षभर बोललं जातं. भावाचं म्हणणं सरळ होतं: पाहुणे बोलायला लावतात, बोलून आप्पांना दम लागतो. मलाही आदल्या दिवशी तेच वाटलं होतं, म्हणून मी सगळ्यांना तंबी दिली होती की कुणी बोलायचं नाही, नुसतं बसायचं. बिचारी बसली मुकाट्याने. तरीही आकडा पडलाच होता. तो कागदावर होता, सत्त्याऐंशी, पुढे माझ्याच अक्षरात "सगळे गप्प".

मग मी कागद बाजूला ठेवला आणि पलंगाकडे बघत बसले. आप्पांचा पलंग कोपऱ्यातला. डोकं दक्षिणेला, डावीकडे भिंत, उजवीकडे वॉर्ड. पाहुण्यांना बसायला जागा एकच, उजवीकडे, दोन पलंगांमध्ये स्टूल मावेल एवढी. एरवी आप्पा भिंतीकडे तोंड करून डाव्या कुशीवर पडलेले असायचे, कारण वॉर्डातला गोंगाट त्यांना नको असे. आणि पाहुणे आले की, त्यांच्यात त्राण असो नसो, कण्हत कण्हत उजव्या कुशीवर वळायचे. आलेल्या माणसाकडे पाठ करायची नाही. आमच्या घरात हे लहानपणी थोबाडीत खाऊन शिकवलेलं आहे.

उजवी कूस म्हणजे आजारी बाजू खाली. आणि तिथे मला नर्सिंग शाळेतला एक तास आठवला. आमच्या मॅडम फळ्यावर दोन फुप्फुसं काढून म्हणाल्या होत्या, हवा पोचली म्हणजे झालं असं समजू नका. हवा आणि रक्त एकाच जागी भेटायला हवीत. फुप्फुसात रक्त वजनाने खालच्या बाजूला जास्त उतरतं. माणूस ज्या कुशीवर निजेल, त्या बाजूच्या फुप्फुसात जास्त रक्त. परीक्षेत दोन मार्कांना आलं होतं. मला एक मिळाला होता.

दोन वाजले होते, दुपारची भेटायची वेळ संपली होती, वॉर्ड शांत. आप्पा भिंतीकडे वळलेले, आकडा त्र्याण्णव. मी त्यांना हळूच उजव्या कुशीवर घेतलं आणि घड्याळ लावून बसले. एक्याण्णव, एकोणनव्वद, आणि दहा मिनिटांत शहाऐंशी. एक शब्द बोलले नव्हते ते. पुन्हा डावीकडे वळवलं. पंधरा मिनिटांत त्र्याण्णव. मी सगळे आकडे वेळेसकट कागदावर लिहिले. मग मी डॉक्टरांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर पुन्हा तेच केलं, आप्पांच्या शिव्या खात.

डॉक्टर आकड्याकडे बघत राहिले. नंतर म्हणाले, "मी राउंडला येतो तेव्हा हे रोज भिंतीकडे तोंड करूनच असतात. माझ्या लक्षातच आलं नाही, सिस्टर." इतक्या सरळपणे चूक कबूल करणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहिला. पण अ‍ॅम्ब्युलन्स त्यांनी रद्द केली नाही. म्हणाले, "संध्याकाळच्या भेटीच्या वेळेत, चार ते सहा, त्यांना डाव्या कुशीवर ठेवून दाखवा. टिकला आकडा, तर इथेच बरे करू."

मला वाटलं, झालं काम. आप्पांना सांगितलं, तर ते माझ्याकडे टकामका बघायला लागले.

"पाव्हनासले पाठ करू का मी?" ते म्हणाले. "त्यापेक्षा सुरतले लई जा."

'लई जा' म्हणजे घेऊन जा; घरी आम्ही अहिराणीच बोलतो. माझं बोलणं मी इथे शाळेच्या मराठीत घातलंय, आप्पांचं तसंच ठेवलंय, कारण ते बदलून त्यांचं राहत नाही. मास्कच्या आतून आवाज घोगरा येत होता, पण हट्ट स्वच्छ ऐकू येत होता.

मी आधी सोपे उपाय काढले. पलंग फिरवायचा तर शेजारच्या पेशंटचा पलंग आडवा. मग उशी पायथ्याशी टाकू, डोकं तिकडे करू; डावी कूसही राहील आणि तोंडही पाहुण्यांकडे होईल. माझी मीच खूश झाले. तर आई उठून उभी राहिली. "पाय दक्षिनले? जित्ता मानूसना?" तिचा चेहरा पांढरा पडला होता. दक्षिणेला पाय आमच्यात मेलेल्या माणसाचे करतात. मी तिच्याशी भांडले, आवाज चढवला, शेजारच्या पेशंटची बायको मध्ये पडली. शेवटी आईच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मी उशी जागेवर ठेवली. पाहुणेच बंद करा म्हटलं, तर माणसं रनाळ्याहून निघाली होती. आणि माझे सासरे कळसाडीहून निघाले होते.

ते ऐकल्यावर आप्पांनी डोळे मिटून घेतले. मुलीचा बाप आणि मुलीचे सासरे हे नातं आमच्याकडे कसं असतं, ते वेगळं सांगायला नको. माझ्या लग्नाला वीस वर्षं झाली, तरी आप्पा सासऱ्यांसमोर कधी आधी बसले नाहीत. सासरे वाईट नाहीत. पण माझ्या नोकरीला ते आजवर नोकरी म्हणाले नाहीत. "तिचं ते दवाखान्याचं" असं म्हणतात. मला हाक मारायची तर "अहो, ऐकलं का" असं दाराकडे बघून.

साडेतीन वाजले. मी आप्पांच्या उशाशी स्टूल ओढलं आणि राग गिळून सांगायला लागले. म्हटलं, आप्पा, उजव्या बाजूला पू आणि पाणी भरलंय, तिथे हवा शिरत नाही. तुम्ही उजवीकडे वळता तेव्हा रक्त तिकडे धावतं. तिथे त्याला हवा भेटत नाही, ते तसंच काळं परत येतं आणि चांगल्या रक्तात मिसळतं. डावीकडे हवा मोकळी आहे, पण तिकडे रक्त कमी जातं.

त्यांनी उजव्या बरगडीवर हात ठेवून बघितला. मग म्हणाले, "म्हंजे पीक एक वावरमा, नि पानी दुसरा वावरमा."

"तेच."

"मंग ऑक्सिजन वाढावसेत ते कसाले?"

मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला की काय सांगू. तीन वर्षं शिकून मला एक मार्क मिळाला होता, आणि चौथी शिकलेला हा माणूस ताप अंगात असताना नेमका प्रश्न विचारत होता. मी सांगितलं, वाढवलेला ऑक्सिजन डाव्या फुप्फुसालाच मिळतो, आणि तिथलं रक्त आधीच भरलेलं असतं. भरलेल्या हंड्यात आणखी ओतून काय होणार. उजवीकडच्या रक्ताची आणि त्याची गाठच पडत नाही. शरीर आपल्या परीने धडपडतं. जिथे हवा नाही तिथल्या रक्ताच्या वाटा ते स्वतःच आवळून धरतं.

"दांडवर माटी टाकस ते," आप्पा म्हणाले.

"हो. पाण्याच्या दांडात माती टाकून पाणी अडवावं तसंच, पण सगळं थोपवता येत नाही. तुम्ही त्या बाजूला निजलात की वजनाने रक्त तिकडे ओढलंच जातं. मग त्याचं काही चालत नाही."

त्यांनी मान हलवली. कळलं होतं, पूर्ण कळलं होतं. पण ऐकणार की नाही ते बोलले नाहीत, आणि मी विचारलं नाही. विचारलं असतं आणि नाही म्हणाले असते तर काय केलं असतं.

चार वाजता रनाळ्याची माणसं आली. मी दारातच सांगितलं की आप्पा वळणार नाहीत, गैरसमज नको. आप्पा भिंतीकडे तोंड करून होते, पण खांदा सारखा उचलत होते, वळायच्या बेतात. मी त्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिले. आकडा त्र्याण्णव, ब्याण्णव. माणसं अवघडून बसली, अवघडून उठली. एक म्हातारी आईला हळूच म्हणाली, रागावले का गं आमच्यावर. आईने तिला बाहेर नेऊन समजावलं. काय समजावलं ते देव जाणे, पण समजावलं.

पाच वाजता सासरे आले. धुवट पांढरा सदरा, टोपी, हातात केळ्यांची पिशवी, मागे दीर. त्यांची चाल ओळखीची, आप्पांनी न बघताच ओळखली. माझ्या हाताखाली खांदा ताठ झाला. मी दाबून धरला नाही. हात काढून घेतला. बापाचा मान मी दाबून ठेवायचा नसतो, एवढं मलाही कळतं. वळायचं असेल तर ते वळतील, आणि सहा वाजता आम्ही सुरतच्या रस्त्याला लागू.

सासरे पलंगाशी येऊन थांबले. समोर व्याह्यांची पाठ. शर्ट वर गेलेला, कमरेवरची हाडं उघडी. वॉर्डातली माणसंही बघायला लागली. मी ओठ दाबून धरले, नाहीतर मीच काहीतरी बोलून गेले असते.

"राम राम, व्याही," आप्पा भिंतीला म्हणाले. दम घेतला. "पाठ करेल शे. राग मानू नका. फिरानं नही, असं पोरनी सांगेल शे. आठे मी तिनं आयकस."

इथे ते माझं ऐकतात, असं आप्पा सासऱ्यांना सांगत होते. सासऱ्यांनी केळी खाली ठेवली. आप्पांचा वर गेलेला शर्ट त्यांनी स्वतःच्या हाताने खाली ओढून नीट केला आणि स्टुलावर बसले. त्या पाठीशीच बोलायला लागले, कापसाचं, उसाच्या तोडीचं, घरच्या म्हशीचं. आप्पा भिंतीकडे बघत हूं हूं करत होते. पाच-दहा मिनिटांनी सासऱ्यांनी बोटाच्या चिमट्याकडे बघितलं आणि मग थेट माझ्याकडे बघितलं.

"सिस्टर, आकडा कितला शे आते?"

"चौऱ्याण्णव," मी म्हटलं.

मग आणखी पाहुणे आले, तर सासरेच उठून उभे राहिले आणि हाताने थांबवून म्हणाले, "आठेच बठा. त्यासले फिरू देऊ नका, सिस्टरनी सांगेल शे." ते सहापर्यंत तिथेच बसले. कुणी जवळ गेलं की त्यालाही तेच सांगत होते, मोठ्या आवाजात, जसं काही त्यांनीच मला शिकवलंय.

सहा वाजता डॉक्टर आले. त्यांनी माझा कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याला फोन लावून सांगितलं की आज नको. सासरे डॉक्टरांशी बोलत बाहेर गेले. आई त्यांच्या मागे चहाचं विचारायला गेली. पलंगाशी मी एकटीच राहिले.

मास्कची पट्टी नीट करायला मी आप्पांच्या अंगावरून वाकले, तेव्हा त्यांचं तोंड मला दोन तासांत पहिल्यांदा दिसलं. डोळ्यांतून पाणी वाहून उशी ओली झाली होती. मी म्हटलं, आप्पा, पाठ करायला लावली म्हणून वाईट वाटतंय का.

त्यांनी मास्क बाजूला सरकवला. मी पुन्हा लावायला गेले तर माझा हात धरून ठेवला.

"नही," ते म्हणाले. "व्याहीनी तुले सिस्टर म्हनं. आयकं का तू?"